रेघ नसलेले नाव

माझ्या जन्माची हकीकत मी रविवार, १६ जून १९६३ रोजी सकाळी सव्वाआठच्या सुमारास ऐकली. स्थळ नागपुरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीची शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मवर्ग. सांगणारा देवाजी पेंटर, म्हणजे ज्याने मला रंगवले तो. ऐकणारी एकोणीस मुले. त्याची मुलगी प्रेमिला मध्ये मध्ये त्याला दुरुस्त करीत होती, म्हणून ती हकीकत मी दोन साक्षीदारांची मानतो. पुढचे बहुतेक मी स्वतः पाहिले आहे. जे केवळ कानावर आले, तेथे तसे म्हणेन. मी वंशावळ आहे. नावामागे साक्ष नसली तर माणसाचे काय होते, हे माझ्याच अंगावर लिहिलेले आहे.

मी एक कापडी तक्ता आहे. लांबी साडेसहा हात, रुंदी तीन हात, वर आणि खाली एकेक लाकडी दांडी. माझ्यावर पवित्र शास्त्रातल्या याजकांची, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांची, घराणी रंगवलेली आहेत.

कापड उमरेडच्या मागावरचे. देवाजी ते स्वतः एस.टी.ने जाऊन घेऊन आला. "इतवारीत कपडा भेटत नव्हता का? काहून उमरेडलेच गेले?" असे प्रेमिलाने विचारले, तेव्हा तो "टिकते" एवढेच म्हणाला. मग त्याने मला खळ दिली, सफेद्याचे दोन हात दिले आणि अंगणात वाळवले. आठवडाभर तो धरमपेठेतल्या दुकानांच्या पाट्या रंगवी आणि संध्याकाळी माझ्याकडे वळे. प्रेमिला शास्त्र उघडून नाव वाची, तो लिही, मग ती पुन्हा अक्षर अक्षर ताडून पाही.

"बाबा, एलाजाराले तुम्ही अहरोनाच्या वर चढवलं."

"मग पोरगा बापाच्या खांद्यावर बसला समज." आणि तो ते नाव टर्पेंटाइनने पुसून पुन्हा लिही.

बापापासून मुलापर्यंतची रेघ मारण्याची त्याची एक रीत होती. सुतळी निळीत बुडवायची, दोन नावांवर दोन टोके ताणून धरायची, मध्ये उचलायची आणि सोडायची. टण् असा आवाज होई आणि एक सरळ निळी रेघ माझ्या अंगावर उठे. सर्वांत वर लेवी. त्याच्या वंशात अहरोन, पहिला याजक. अहरोनाचे चार मुलगे. त्यांतल्या दोघांच्या रेघा तेथेच थांबतात, कारण त्यांनी वेदीवर परका अग्नी नेला. उरलेल्या दोघांच्या दोन शाखा. एकीत पुढे अब्याथार, ज्याला राजाने याजकपदावरून काढून त्याच्या शेतावर धाडले. दुसरीत सादोक, ज्याचे घराणे मंदिरात टिकले. त्याखाली चोवीस वर्ग, आळीपाळीने सेवा करणारे.

उजव्या बाजूला एक चौकट आहे. तिला वरून रेघ येत नाही. बाबेलच्या बंदिवासातून तीन घराणी परतली. आम्ही याजक आहोत असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी वंशावळीत आपली नावे शोधली. ती सापडली नाहीत, म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवले. देवाजीने त्या चौकटीत लाल रंगाने लिहिले: "नावे सापडली नाहीत."

आणि अगदी तळाशी, डाव्या कोपऱ्यात, एकटे एक नाव: मलकीसदेक. तो अहरोनाच्याही कितीतरी आधीचा याजक. त्याला बाप नाही, आई नाही, वंशावळ नाही, असे शास्त्र म्हणते. आणि तरी अब्राहामाने त्याच्यापुढे मान लववली. त्या नावासाठी सुतळी भिजवावी लागली नाही.

हा कोपरा देवाजी वर्षभर झाकून ठेवी. माझा खालचा हातभर भाग दांडीवर गुंडाळून तो पांढऱ्या फितीने गाठ मारी. शिकवणी जूनमध्ये लेवीपासून सुरू होई आणि नाताळाआधीच्या रविवारी ती गाठ सुटे. चार वर्षे मी मुलांचे चेहरे त्या क्षणी पाहिले. "गुरुजी, याची रेघ काहून नाही?" हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारीच.

"याले लागली नाही," देवाजी म्हणे.

एकदा त्याने सांगितले की कनानच्या वाटण्या झाल्या तेव्हा लेवीच्या वंशाला जमीन मिळाली नाही; देव हाच त्यांचा वाटा. मागच्या सतरंजीवरून आवाज आला, "म्हणजे त्याईले काहीच नाही भेटलं?" देवाजी इतका हसला की त्याला खडू खाली ठेवावा लागला.

आता १९ नोव्हेंबर १९६७. रविवार. मुले गेली होती आणि मी शाळेच्या खोलीतच टांगलेला होतो, कारण उपासनेनंतर तेथे मंडळीच्या वडिलांची बैठक होती. वडील म्हणजे मंडळीने निवडलेले कारभारी. प्रभुभोजनाच्या दिवशी द्राक्षारसाचा पेला ते रांगेतून फिरवतात. एक जागा रिकामी होती आणि मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब यांनी देवाजीचे नाव सुचवले होते. देवाजीला ती जागा हवी होती. हे मी अंदाजाने म्हणत नाही. आदल्या दिवशी खोली झाडताना त्याने कपाटातला रिकामा पेला दोन्ही हातांत धरून भिंतीपासून भिंतीपर्यंत चालून पाहिले होते, पावले मोजत, न सांडता. दुसऱ्या दिवशीच्या वर्गासाठी मला त्याने आधीच टांगले होते, आणि पाहणारा मी एकटाच होतो.

बैठकीत पाळकसाहेब, भैय्याजी, वृद्ध देवराव आणि देवाजी असे चौघे बसले. भैय्याजींचे आजोबा या मंडळीचे पहिले उपदेशक, पिता दुसरे. ते वाईट मनुष्य नव्हते. देवाजी आजारी पडला होता तेव्हा रोज डबा त्यांच्याच घरून जात असे.

"तू सोन्यासारखा माणूस हायेस गा देवाजी," ते म्हणाले. "पण पेला हाती देतानी लोकं पाहतेत. कोणाच्या हातून घेऊन राहिलो, कोणाच्या घरचा हाय. जुनी माणसं हायेत."

"आपल्या नियमांत घराण्याची अट नाही, भैय्याजी," पाळकसाहेब म्हणाले.

"नियमात नसंन. शास्त्रात हाय ना." भैय्याजी उठले, माझ्यासमोर आले आणि त्यांचे बोट लाल अक्षरांवर टेकले. "हे पाहा. नावं सापडली नाहीत. दूर ठेवले. हे मी नाही लिवलं. हे यानंच लिवलं."

देवरावांनी डोळे उघडून चहा आला का म्हणून विचारले. 

देवाजी उठून माझ्यापाशी आला. माझी गाठ त्याच्या हातापासून वीतभर होती. त्या खोलीत ती गाठ कशावर आहे हे ठाऊक असलेले आम्ही दोघेच होतो. वडीलमंडळी मुलांच्या वर्गाला कधी बसली नव्हती. त्याचा हात फितीपर्यंत आला. मी वाट पाहिली. मग त्या हाताने माझी एक चुणी सरळ केली आणि तो मागे गेला.

"मी पण शोधलं होतं, भैय्याजी," तो म्हणाला. "अनाथालयाच्या वहीत माझी एकच ओळ हाय. देवाजी, अंदाजे दोन वर्षांचा, उमरेड रस्त्यावर सापडला. नाव तिथल्याच कोणी ठेवलं." आणि पाळकसाहेबांकडे वळून, "माझं नाव काढून घ्या, साहेब."

"देवाजी, घाई नको. मी पुन्हा बोलतो सगळ्यांशी."

"नाही जी. काढून घ्या."

सगळे गेल्यावर तो मला उतरवायला थांबला. दरवेळी तो मला खालून वर गुंडाळी, म्हणजे पुढच्या खेपेस उघडताना आधी लेवी दिसे. त्या दुपारी त्याने मला सतरंजीवर पसरले, गाठ सोडली आणि कोपऱ्यावर तळहात ठेवला. त्याच्या नखांत निळा रंग होता. "तुले कोणी नाही विचारलं गा," तो म्हणाला, "घर कोणतं म्हणून." मग त्याने मला वरून खाली, उलटे गुंडाळले. आता मला जो उघडील त्याला लेवी नव्हे, अहरोन नव्हे, तो कोपराच आधी दिसेल. नंतर त्याने मला माळ्यावर ठेवले.

तेव्हापासून मला कोणी उघडलेले नाही.

खालून त्याचा आवाज मात्र आणखी आठ वर्षे येत राहिला. "गुरुजी, तो कपडा काहून नाही आणला?" मुले पहिल्या वर्षी विचारीत. "तुम्हांले पाठ झाला ना आता," तो म्हणे. पुढच्या मुलांनी विचारले नाही. त्यांना मी ठाऊकच नव्हतो. त्या वर्षांत भैय्याजींचा आवाजही खाली येई, बैठकींतून. एकदा त्यांनी देवाजीला विचारले, "त्या तक्त्याचं काय केलं गा?" देवाजी म्हणाला, "हाय वरतं."  जानेवारी १९७६ पासून देवाजीचा आवाज येईनासा झाला. मार्चमध्ये घंटा एका सकाळी फार सावकाश वाजली आणि त्यावरून मी काय ते समजलो.

यापुढचे मी पाहिलेले नाही. रंभाबाई ही चर्चची झाडलोट करणारी. देवाजीला पुरल्यानंतर साधारण महिन्याने ती फुलदाण्यांतली फुले बदलायला आलेल्या सिंधूताईंना सांगत होती. तिने ते देवाजीच्या शेजारणीकडून ऐकले होते. पाळकसाहेब आजारी देवाजीला घरी प्रभुभोजन द्यायला गेले. बरोबर वडील म्हणून भैय्याजी होते. पेला पाळकसाहेबांकडून भैय्याजींकडे आला. त्यांनी तो ओठाला न लावता आधी देवाजीला दिला. देवाजी प्यायला. आणि मग भैय्याजींनी आपले दोन्ही हात पुढे केले.

"अन् घेतला?" सिंधूताईंनी विचारले.

"घेतला म्हणते शेजारीण. त्याच्या हातून घेतला अन् पेले म्हणते. रडले पण म्हणते." रंभाबाईने केरसुणी आपटली. "आता ती शेजारीण कोणत्या खिडकीतून पाहून राहिली होती, देव जाणे. तिच्या घराले त्या बाजूनं खिडकीच नाही."

१९७९ च्या मे महिन्यात प्रेमिला आली. ती आता कोराडीच्या वसाहतीत राहते, असे तिच्या बोलण्यावरून कळले. "मावशी, बाबांचा कापडी तक्ता कुठं आहे?" तिने रंभाबाईला विचारले. "बाबा म्हणून गेले, तक्ता खालून उघडजो. म्हणजे काय, ते पाहायचं होतं."

"माळ्यावर असंन वं बाई. पण शिडी रंगवायले नेली."

 ती त्या शेवटच्या पेल्याविषयी काही बोलेल, अशी माझी आशा होती. आजारी बापाला तो दिला तेव्हा त्या खोलीत ती नक्की असणार. तिची पावले माळ्याच्या खाली आली. "पुढच्या खेपेस येते," म्हणाली. "चारची बस आहे."

आता १९८४ चालू आहे. माझ्या कडा उंदरांनी कुरतडल्या आहेत. चोवीसांपैकी दोन वर्गांची नावे गेली. सादोकाचा पिवळा रंग, मला वाटते, अजून टिकून असावा, पण अंधारात मला माझेच अंग दिसत नाही. सांभाळून ठेवा, भिंतीवर लावा, असे मी म्हणत नाही. ज्याच्या हाती मी पडेन त्याने मला खालून हातभर उघडावे, ते एक नाव वाचावे आणि हवे तर पुन्हा गुंडाळावे.

आणि शक्य झाल्यास कोराडीला जाऊन प्रेमिलाला विचारावे. मी जे सांगितले त्याच्या तारखा मी देऊ शकतो, माणसे देऊ शकतो. त्या दिवशी भैय्याजींनी देवाजीच्या हातून पेला घेतला की नाही, एवढेच मला पडताळता आलेले नाही.