चालवणाऱ्याला मोजत नाहीत

आई दुकानाच्या मधोमध आडवी पडली होती आणि उठायला तयार नव्हती.

“हाच घ्या,” डोळे मिटूनच ती म्हणाली. “पुढचं काय ते तुम्ही बघा. मी इथेच राहते.”

ती पडली होती तो पाण्यावर तरंगायचा, फुगवलेला पिवळा बोर्ड होता, चांगला दारासारखा रुंद. आई दिवसभर लॉन्ड्रीत उभी राहून इस्त्री करते. पाण्यावर जाऊन तुला काय करायचंय असं विचारलं की तिचं एकच उत्तर, “पडायचंय.” माझी धाकटी बहीण तिच्या पायाशी बसून भोंगा वाजवत होती. तोंडानेच. म्हणून तर आम्ही तिला भोंगाच म्हणतो.

मी मात्र पलीकडच्या लाल बोर्डापुढे खिळले होते. लांब, सडपातळ, पुढून टोकदार. भिंतीला टेकून उभा होता तरी पळतोय असं वाटत होतं.

“दोन्हींना शीड लावता येतं ना?” मी दुकानवाल्या ताईंना विचारलं. विचारलं कसलं, त्यांची परीक्षाच घेतली. सुट्टीत शाळेच्या शिबिरात मी शीड धरायला शिकले होते आणि तेव्हापासून घरात माझ्यापुढे कोणाचं काही चालत नव्हतं. “डोलकाठी बसवायला खोबण हवी. आणि पोटाखाली मधोमध पंख हवा, नाहीतर वारा आला की बोर्ड खेकड्यासारखा आडवा सरकतो.”

“दोन्हींना आहे सगळं,” ताई हसल्या. “वल्हं मारा नाहीतर शीड लावा. हवा काढली की गुंडाळून पिशवीत.”

ती पिशवीच तर हवी होती. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. टणक बोर्ड आणला असता तर त्याला घरात ठेवून आम्हाला जिन्यात झोपावं लागलं असतं.

“एका वेळी किती जण बसणार?” ताईंनी विचारलं.

“तीन,” बाबा म्हणाला. तो दाराशी उभा होता, आमच्या चपला आणि आईची पर्स सांभाळत. त्याने भोंग्याचं, माझं आणि आईचं वजन अंदाजाने सांगितलं.

“हळू बोला की जरा,” आईने एक डोळा उघडला. “सगळ्या दुकानाला कशाला कळायला हवं?”

ताईंनी मनात बेरीज केली. “एवढंच ना? मग लालसुद्धा चालेल.”

मी उडीच मारली. पण पाय जमिनीला टेकायच्या आत काहीतरी खटकलं.

“बाबा, तीन कसे? आपण चार आहोत.”

“मला कशाला धरतेस?” तो अगदी सहज म्हणाला. “चालवणाऱ्याला मोजत नाहीत.”

बसमध्ये पाटी असते, किती बसणार आणि किती उभे राहणार याची. त्या आकड्यात ड्रायव्हर नसतो. बाबाने माझ्या जन्माच्या आधीपासून ती पाटी डोक्यावर घेऊन बस चालवली होती. त्यामुळे तो काही मोठेपणाने बोलत नव्हता. त्याचा हिशेबच तसा होता.

पण भोंगा वाजायचा थांबला आणि आई उठून बसली. कारण बाबा आता बस चालवत नव्हता.

काचबिंदूने त्याची दोन्ही बाजूंची नजर हळूहळू खाल्ली होती. समोरचं दिसतं, कडेचं नाही. डॉक्टरांनी सांगितल्यापासून तो आगारात चौकशीच्या खिडकीत बसायचा. घरी येऊन म्हणायचा, “छान आहे, पंखा आहे डोक्यावर.” आम्हीही म्हणायचो, छान आहे. त्यापुढे कोणी बोलत नव्हतं.

त्याच्या बसचा शेवटचा थांबा तळ्याकाठी होता. लहानपणी सुट्टीच्या दिवशी तो मला बरोबर न्यायचा आणि आपल्या पाठीमागच्या सीटवर बसवायचा. लोक उतरताना म्हणायचे, “तुमच्या बसमध्ये पोटातलं पाणी हलत नाही हो.” माझा आवाज तेव्हा इतका बारीक होता की वर्गात हजेरी दिली तरी बाई मला गैरहजर लावायच्या. तर बाबाने मला काम दिलं. तळं आलं की ओरडायचं, “शेवटचा थांबा! सगळे उतरा!” पहिल्यांदा कोणालाच ऐकू गेलं नाही. तो इंजिन बंद करून म्हणाला, “सगळे बसलेत अजून. तू सांगितल्याशिवाय कोणी हलणार नाही.” आणि खरंच वाट बघत बसला. आज मी शाळेत माईकशिवाय बोलते. बाई म्हणतात, जरा हळू. हा आवाज मी कुठून आणला ते त्यांना काय माहीत!

सगळे उतरले की बस वळवेपर्यंत दहा मिनिटं मिळायची. बाबा काचेतून तळ्याकडे बघत चहा प्यायचा. पाण्यात कधीच गेला नाही. गणवेश, बूट, आणि परतीची वेळ.

लाल बोर्डाकडे मी एकदा शेवटचं बघून घेतलं.

“बाबा, शीड कोण धरणार? मी. म्हणजे चालवणार मी. मग मोजायचं नाही ते मला. तुला मोजायचं.”

तो काहीतरी बोलायला गेला, पण आईने त्याच्या हातातली पर्स काढून घेतली. “चपला ठेवा खाली. आणि त्या वजनकाट्यावर उभे राहा.”

काटा सामानाचा होता. बाबा त्यावर अवघडून उभा राहिला. आकडा बघून आई इतकी हसली की तिला परत बोर्डावर बसावं लागलं. “आणि मला म्हणतात भाताला हात आवर!”

“तुमच्यासाठी पिवळाच,” ताई म्हणाल्या. “रुंद आहे. एखादा घाबरला तरी बोर्ड घाबरत नाही.”

घरी आणल्याबरोबर गळती बघायला आम्ही तो फुगवला. पंप मारून मारून माझे दंड भरून आले. बोर्डाने स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत जागा व्यापली आणि शेजारच्या काकू दार ढकलत राहिल्या, “अगं, घरात आहात ना सगळे?” बाबा बोर्डाभोवती एक फेरी मारून आला. दर दोन पावलांवर वाकून बोटाच्या पेराने ठोकायचा आणि कान द्यायचा. बस काढण्याआधी तो टायर असेच ठोकायचा.

“हवा बरोबर आहे,” तो म्हणाला.

तळ्यावर आम्ही त्याच्याच बसने गेलो. नवा ड्रायव्हर तरुण होता. “दादा, पुढे या ना, इथे बसा,” त्याने हाक मारली. बाबा म्हणाला, “नको, सामान आहे,” आणि मागे जाऊन बसला. पिशवी मांडीवर, नजर समोर.

आई आधी गेली. शीड वगैरे काही नको म्हणाली, पाठीवर पडली आणि मी ओढून काठाला आणेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग डोलकाठी बसवली आणि भोंग्याला फिरवून आणलं. तळ्यातल्या सगळ्या बदकांनी तळं सोडलं. बाबा काठावर टॉवेल घेऊन उभा.

“चल,” मी म्हटलं.

“तुम्ही खेळा. मी सामान बघतो.”

“सामान आई बघेल.”

“अगं, मला बाजूचं दिसत नाही,” तो एकदम म्हणाला. घरात कोणी न बोललेलं वाक्य त्याने असं तळ्याकाठी टॉवेलसारखं उघडलं. “कुठे काय येतंय कळत नाही. उगाच तुझ्या हातात ओझं.”

मी म्हटलं, “बाजूचं मी बघते. तू समोरचं बघ.”

त्याने टॉवेल आईला दिला. लाइफ जॅकेटचे पट्टे दोनदा तपासले, त्याचे आणि माझेही. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि डोलकाठीच्या पुढे, माझ्याकडे पाठ करून बसला. मी शीड उचललं. वारा हलकाच होता. पिवळा बोर्ड जरा कुरकुरला आणि निघाला.

त्याचे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने ते मांडीवर ठेवले. तळ्याच्या मध्यावर आलो तेव्हा म्हणाला, “काचेतून एवढं मोठं वाटत नव्हतं गं.”

वळताना मात्र राहवलं नाही त्याला. “सावकाश. घाई नको. मागचा भाग फिरू दे.” मी शिबिरात शिकले होते त्यापेक्षा सावकाश वळले. बोर्ड इतका गुळगुळीत फिरला की शीड फडफडलंसुद्धा नाही. काठावर तीच बस दुसरी फेरी करून परतीला निघाली होती. हॉर्न वाजला. बाबाला बस दिसली नसावी, कारण ती बाजूला होती. पण तो हॉर्न त्याला ओळखू आला. त्याने न वळताच तळहात वर केला, रस्त्यात ड्रायव्हर एकमेकांना करतात तसा.

काठ जवळ आला. मी शीड खाली सोडलं आणि आम्ही नुसतेच तरंगत पुढे सरकत राहिलो. तेव्हा मला दिसलं, बाबाचा उजवा पाय बोर्डावर हळूहळू दाबला जात होता. आधी टाच, मग चवडा. अगदी शेवटी आम्ही वाळूला टेकलो.

पोटातलं पाणी हललं नाही.

“शेवटचा थांबा!” मी ओरडले. तळ्याच्या पलीकडे ऐकू गेलं असेल. “सगळे उतरा!”

काठावर भोंगा वाजला. आई टॉवेल पसरून पुढे आली. पण बाबा उठला नाही. त्याने पूर्ण मान वळवली, मग खांदेही वळवले आणि मागे बघितलं, कोणी झोपून राहिलेलं नाही ना ते शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर बघतात तसं. मागे मी एकटीच होते.

“उतर, बाळा,” तो म्हणाला.

मी गुडघाभर पाण्यात उडी मारली आणि बोर्ड धरून उभी राहिले. मग तो उतरला.