दुधातले दोन चमचे

थोरलीला पीठ बाधतं हे धाकट्याला पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "बेकरीवालीला पीठ बाधतं? उद्या मासा म्हणेल, मला पाण्याने सर्दी होते," असं म्हणून तो गल्ल्यावर बसून हसायचा. वडलांच्या मागे बेकरी दोघा भावंडांची होती. थोरलीने आतलं बघायचं, म्हणजे चाळणं, मळणं आणि भट्टी. धाकट्याने बाहेरचं, म्हणजे गिऱ्हाइकांशी गोड बोलणं. वर्षभरापासून पोतं उघडलं की तिचे डोळे चुरचुरायचे, नाक वाहायचं, छाती भरून यायची. सुट्टीच्या दिवशी मात्र ठणठणीत. तिला त्यात कारण दिसत होतं, धाकट्याला निमित्त.

"जागा बदलू या. तू आत ये, मी गल्ल्यावर बसते," ती म्हणायची.

"डॉक्टरला पिठाचं नाव घेऊ दे, त्याच दिवशी ॲप्रन बांधतो. पण ताई, खरं सांगू? हल्ली तू मळता मळता पेंगतेस. आळसाला औषध नसतं."

संताप यायचा तो याचा की हे खोटं नव्हतं. गेले काही आठवडे ती खरंच पेंगत होती. शिंकाही कमी झाल्या होत्या. छातीतली घरघर तेवढी जात नव्हती, पण ती दुसऱ्याला कशी दाखवायची? कधी कधी तिलाच वाटायचं, आपण सोंग तर करत नाही ना!

शेवटी तपासणीची तारीख मिळाली. आधी आठवडाभर सर्दी-ॲलर्जीचं कुठलंही औषध घ्यायचं नाही, असं बजावलं होतं. तिने गोळ्यांची पाकिटं उचलून कचऱ्यात टाकली.

धाकटा मुद्दाम सोबत आला. आईही आली. डॉक्टरीणबाईंनी थोरलीच्या हातावर थेंब ठेवले: पिठाचा, धुळीचा, बुरशीचा. शेवटचा थेंब असा होता की तो कुणाच्याही हातावर फुगतोच. प्रत्येक थेंबातून सुई टोचली. "जे बाधत असेल तिथे डास चावल्यासारखी गांधी उठेल," त्या म्हणाल्या.

सगळे हाताकडे बघत बसले. हात कोरा तो कोराच.

"झालं समाधान?" धाकट्याने विचारलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "शेवटचाही उठला नाही. तो तर माझ्या हातावरही उठतो. तुम्ही औषध घेतलंय."

"शपथ घेऊन सांगते, गोळीला हात लावलेला नाही."

"गोळी नाहीच हो घेतली तिने," कोपऱ्यातून आई कौतुकाने म्हणाली. "मी सिरप घालते ना रात्री दुधात, दोन चमचे. रोज न चुकता. शिंकून शिंकून बेजार व्हायची, मला बघवेना. सांगून घेतलं असतं का तिने?"

बाईंनी कपाळाला हात लावला. त्या सिरपने शिंका दबतात, हातावर काही उठत नाही, झोप मात्र येते. छातीतली घरघर त्याने जात नाही.

"पण इतकी वर्षं पीठ नाही बाधलं ते?" धाकटा अजून हटेना.

"पीठ काही विष नाही. शरीराचा पहारेकरी चुकतो. आधी नुसता चेहरा लक्षात ठेवतो, मग एक दिवस त्याच पाहुण्याला चोर समजून घर डोक्यावर घेतो. पण हातावर पुरावा नसताना मी लिहून कसं देऊ? पुढच्या महिन्यात या."

"मग त्या पहारेकऱ्याला समजवायचं कसं?" आईने विचारलं.

"नाही समजत. भलंच करतोय असं त्याला वाटत असतं."

बाहेर येताच थोरलीचा बांध फुटला. "आई, तुझ्या मायेने मला खोटारडी ठरवलं! भलं करायचं तर विचारून करत जा!"

सिरप बंद झालं. चार-सहा दिवसांनी थोरलीने नवं पोतं उघडलं आणि शिंकांची सरबत्तीच सुरू झाली. डोळे सुजून मिटले, श्वासाला शिट्टी लागली. आवाज ऐकून धाकटा गल्ला उघडा टाकून आत धावला. हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याने तिला ओढत बाहेर नेलं, थेट दवाखान्यात. परतल्यावर मुकाट्याने ॲप्रन बांधला.

"तपासणी व्हायचीय अजून," ती म्हणाली.

"खड्ड्यात गेली तपासणी."

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. "वर्षभर तोंडाने सांगत होते तेव्हा पटलं नाही. तोंड सुजलं तेव्हा पटलं!" धाकटा पिठाच्या पोत्याकडे वळला.

त्याच्या पहिल्या भट्टीतून निघाले ते पाव नव्हते, दगड होते. थोरली दारातून ओरडत होती, "पाणी कमी! अरे, मनगटाने मळ, बोटांनी नको!" वडलांनी शिकवलेला हात तिच्याच मनगटात होता आणि आता तिला उंबरा ओलांडायची सोय नव्हती. जागा मागून घेतली होती तिने; मिळाल्यावर कळलं काय दिलं ते.

संध्याकाळी आई दुधाचा पेला घेऊन गल्ल्याशी आली. थोरलीने पेल्याकडे बघितलं, हात पुढे केला नाही. आईने स्वतः एक घोट घेतला, कड पुसली आणि पेला पुन्हा पुढे धरला.

थोरली प्यायली. दूध नुसतं दूध होतं. तिला एकदम रडू फुटलं.