सटवाईसाठी उघडं कपाळ

लंकाचं पोर सातव्यातच आलं, मांजरीच्या पिल्लाएवढं. आधीची दोन मेलेलीच जन्मली होती. हे निदान रडलं तरी. तेवढ्या रडण्याच्या भरवशावर कुसाबाईनं लेकीला आणि नातवाला येवल्याकडच्या खेड्यातून मोटारीत घालून नाशिकचा दवाखाना गाठला.

नर्स सावित्रीबाईंनी पोराला कापसात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवलं. दोन्ही अंगांना ऊन पाण्याच्या बाटल्या लावल्या. डोक्याला कापसाची टोपी, थेट भुवयांपर्यंत.

"ह्याच्या अंगात स्वतःची ऊब नाही, कुसाबाई. टोपी अजिबात काढायची नाही. नीट सांभाळलंत तर जगेल. अशी जगलेली मी पाहिलीत."

मग काय, कुसाबाईनं पेटी सोडली नाही. बाटल्या बदलताना बोटं भाजून घेतली, पण बाटली गार होऊ दिली नाही. पोर बोळ्यानं दूध गिळू लागलं, तशी लंका कितीतरी दिवसांनी हसली.

आणि पाचवी आली. पाटा-वरवंटा इथं कुठला? कुसाबाईनं गोदेतला एक दगड धुऊन आणला, हळदकुंकू वाहून पेटीखाली ठेवला, शेजारी कोरा कागद. हात जोडले आणि तिची नजर टोपीवर गेली. आज रात्री सटवाई येणार, बाळाच्या कपाळावर आयुष्य लिहिणार. आणि कपाळ तर झाकलेलं! बाई लिहिणार कुठं? आधीच्या दोघांना पाचवी लाभलीच नाही, कोरीच गेली बिचारी. हेही कोरंच राहिलं तर?

नर्सला विचारलं तर ती नको म्हणेल, हे तिला ठाऊक होतं. म्हणून विचारलंच नाही. दिवेलागणीला तिनं टोपी काढून उशाशी ठेवली. पहाटे परत घालू, असं म्हणत ती पेटीला टेकून बसली आणि इतक्या दिवसांच्या जागरणानं तिचा डोळा लागला. पौषातली थंडी होती.

उजाडलं तेव्हा पोर निळं पडलं होतं. सावित्रीबाईंनी छाती चोळली, बाटल्या बदलल्या, पण ते परत हललं नाही.

"टोपी कुणी काढली?"

"म्या. सटवाईला कपाळ दिसावं म्हून."

शहाण्यांनी खुशाल हसावं. पण त्या पोराच्या आयुष्यासाठी तिच्याएवढी कुणी धडपडली होती का?

सावित्रीबाईंनी पेटीतल्या बाटल्या एकेक करून काढून घेतल्या. मग हळूच म्हणाल्या, "टोपी असती तरी गेलं असतं कदाचित."



लंकाला यातलं काही माहीत नव्हतं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. पोराला फडक्यात गुंडाळून नदीकडं न्यायला घेतलं, तशी तिनं आईचा पदर धरला.

"आये, डोकं उघडं हाय त्याचं. टोपी घाल की. गार लागंल."

कुसाबाईनं उशाची टोपी उचलली. कोऱ्या कपाळावरून ती भुवयांपर्यंत ओढली, कानांवर नीट दाबली.