मित्राचं दुखणं

पावसाळ्यात कच्छमधल्या आमच्या मांडवी बंदराची गलबतं नदीच्या गाळात कलतात, खलाशी घरी येतात आणि माझ्या आयुर्वेदिक दवाखान्यात मित्रांची दुखणी सुरू होतात. स्वतः आजारी असलेला पुरुष या गावात मिळणं कठीण. जो तो मित्रासाठी औषध मागतो, तेही जमिनीकडे बघत. मला या मित्रांचा अगदी वीट आला आहे.

दामजी खारवाही तसाच आला. मित्राच्या लग्नाला दोन वर्षं झाली, पण बायकोजवळ गेलं की त्याला काही जमत नाही, म्हणाला. आता तो तिला माहेरी धाडून कायमचा मस्कतला निघाला आहे. मी चिडलो. नुसत्या पुड्यांनी हे बरं होत नाही, मित्राच्या बायकोला घेऊन ये, म्हणून त्याला पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपल्याच बायकोला, रतनला, घेऊन आला. त्यांच्या लग्नात मी जेवलो होतो, तरी गप्प बसलो. बाहेर झिमझिम चालली होती. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नव्हतं. दवाखानाच हळूहळू तरंगत निघाल्यासारखा वाटत होता.

आमच्यात बायको वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलत नाही. दिराशी मात्र बोलते, त्याची थट्टाही करते. दामजीने घसा खाकरून तिला "वहिनी" म्हटलं, तशी घुंगटाआड ती हसली.

"भाऊजी, तुमचा मित्र रोज भिंतीकडे तोंड करून निजतो. मला वाटायचं, मी काळी म्हणून आवडत नाही."

"तसं नाही, वहिनी. लाज वाटते त्याला."

"माझी कसली लाज? त्याला सांगा, नुसता हात धरून पडला तरी मला झोप लागेल. मस्कतला गेला तर नाही लागणार."

दामजी पन्हाळीच्या धारेकडे बघत राहिला. मला त्या दोघांविषयी फार माया वाटली. मी म्हणालो, मित्राने तंबाखू सोडावी, भुजच्या डॉक्टरांकडे साखर तपासून घ्यावी आणि महिनाभर हट्ट न करता बायकोच्या जवळ नुसतं असावं.

"बाकीचं नाडी पाहून सांगेन," मी म्हणालो. "कधी आणतोस त्याला?"

दामजी माझ्यासमोर येऊन बसला आणि त्याने उजवा हात पुढे केला.

मी नाडीवर बोटं ठेवली. तेवढ्यात रतनने घुंगट वर केला आणि माझ्यादेखत थेट नवऱ्याला विचारलं, "अहो, मग मस्कतचं?"

"नाही जात," तो म्हणाला.