राखीव यादीत पहिली

चिमणीचा पाय मांडीवर घेऊन आजीने घोट्यावर चिकटपट्टीचा पहिला वेढा दिला. आजी एकतीस वर्षांची होती. पण टेनिसच्या या स्पर्धांमध्ये बाकीच्या मुली विशीतल्या, त्यामुळे हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. ती आणि चिमणी जोडीने दुहेरी खेळायच्या, गावोगावी एकाच खोलीत उतरायच्या.

"दुखतंय?"

"दाबलंस की दुखतं."

सकाळच्या सरावात मुरगळलेला घोटा बाहेरून चांगलाच सुजला होता. असला पाय घेऊन कोर्टावर उतरायचं नसतं, हे आजीला ठाऊक होतं. पण सांगायचं कोणत्या तोंडाने? काल ती एकेरीच्या पात्रता फेरीत हरली होती आणि राखीव यादीत तिचंच नाव पहिलं होतं. चिमणीने आजच्या एकेरीच्या सामन्यातून माघार घेतली की तिच्या जागी आजी मुख्य स्पर्धेत. आजीचे गेल्या वर्षीचे क्रमवारीतले गुण याच आठवड्यात वजा होणार होते. एक तरी सामना जिंकला नाही, तर पुढच्या महिन्यापासून पात्रता फेरीचंही दार बंद. म्हणजे खेळ संपलाच. अशा वेळी 'खेळू नकोस' म्हणणं म्हणजे दुसरीच्या ताटातला घास ओढणं. आणि खरं सांगायचं तर सूज पाहताक्षणी तिला क्षणभर आनंद झाला होता. त्याची तिला अजून लाज वाटत होती.

"फिजिओला दाखवून येतेस?"

"नको गं. तो राईचा पर्वत करतो. तुला काय वाटतं ते सांग."

आजीने दातांनी पट्टी तोडली.

"घट्ट बांधते," ती म्हणाली.

जन्मात बांधली नसेल इतकी नीट पट्टी तिने बांधली. एक वेढा जरा तिरका गेला, तो सोडवून पुन्हा घातला.

पहिला चेंडू खेळला जाईपर्यंत राखीव खेळाडूला आत घेतात. आजी बूट घालून, खांद्याला बॅग लावून जाळीबाहेर उभी राहिली. सामन्याआधीच्या सरावाची पाच मिनिटं संपता संपेनात. मध्येच चिमणी थबकली, वाकली. आजीने खांद्यावरची बॅग सावरली. चिमणीने फक्त बुटाची नाडी आवळली. मग पंचांनी खेळ पुकारला, पहिली सर्व्हिस पडली आणि आजीने बॅग खाली ठेवली.

तिसऱ्या गेममध्ये चिमणी बॅकहँडच्या बाजूला धावली आणि मटकन खाली बसली.

फिजिओच्या खोलीत पायावर बर्फ घेऊन ती रडत होती. निदान तीन महिने रॅकेट धरायची नाही, असं तो सांगून गेला होता.

"मी तुला थांबवायला हवं होतं," आजी म्हणाली.

"तुझं काय चुकलं त्यात? राखीव यादी मी सकाळीच बघितली होती." चिमणीने बाहीने नाक पुसलं. "म्हटलं, पाय खरंच खराब असेल तर आजी थांबवेल. त्यात तिचा फायदाच आहे. तू गप्प राहिलीस, म्हणून तर खेळले."