आधी प्रोसेसरला विचारा

ऑफिसात तिला सगळे ‘झाडू’ म्हणत, कारण जुना कोड दिसला की हिचे हात शिवशिवायचे. कामही नाजूक होतं. चित्र पडद्यावर काढायच्या क्षणी, समोरच्या प्रोसेसरला कळतील अशा आज्ञा ऐनवेळी बनवणारा कंपायलर ती सांभाळायची. मागच्या महिन्यात तिनं त्यातल्या चाळीस ओळी उडवल्या. ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका काकांनी लिहिलेल्या त्या ओळी प्रोसेसरला आधी विचारायच्या, ‘बाबा रे, तुला ही आज्ञा येते का?’ “इतकी जुनी मशीन आता आहेत कुणाकडे?” म्हणाली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

सोमवारी एका बाईचा फोन आला. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला बोलता येत नव्हतं. मुलगी यांच्याच प्रोग्राममधल्या चित्रावर क्लिक करायची आणि कॉम्प्युटर तिच्या वतीनं बोलायचा.

“अपडेट आल्यापासून उघडतच नाही हो. पोर चार दिवस रडतंय, मला ओढतंय, आणि मला काही कळत नाही.”

मशीन बारा वर्षांचं होतं. झाडूनं त्या ओळी लगेच परत घातल्या, पण तपासणार कशावर? ऑफिसात सगळी नवीकोरी मशीन. आणि मग आठवलं, काकांनी ‘फेकू नकोस’ म्हणून बजावलेला जुन्या कॉम्प्युटरचा डबा टेबलाखालीच होता. दोन वर्षं बाईसाहेब त्याच्यावर पाय ठेवून बसत होत्या!

डबा सुरू केला, तर प्रोग्राम पुन्हा आडवा. तिनं स्वतः नव्यानं लिहिलेल्या भागात प्रोसेसरला कुणी काही विचारतच नव्हतं. तिथंही विचारणा घातली, ‘नाही’ म्हणणाऱ्यासाठी जुन्या आज्ञा ठेवल्या. दुपारी चारला डब्यावर चित्रं उमटली. गोगलगायीसारखी, पण उमटली. तिनं लगेच नवं अपडेट त्या बाईला पाठवलं.

सहाला त्या बाईचा पुन्हा फोन आला.

“चालू झालं हो! पहिलं काय दाबलं सांगू? ‘कान’. मग ‘दुखतो’. डॉक्टरांकडेच निघालोय. तुमचे आभार कसे मानू?”

“माझे नका मानू. मोडलं मीच होतं,” झाडू कशीबशी म्हणाली. “वाचवलं आमच्या काकांनी.”

“मग त्यांना सांगा ना!”

तिनं लगेच काकांना फोन लावला आणि सगळं कबूल केलं.

“डबा फेकला नाहीस ना?” काकांनी एवढंच विचारलं.

“नाही काका. पाय ठेवत होते.”

काका खो खो हसले. “अगं, त्या ओळी मला तरी कुठं सुचल्या होत्या? माझ्या हातून असंच मोडलं, तेव्हा शिकलो.”

फोन ठेवून तिनं डबा उचलून टेबलावर ठेवला आणि त्यावरची चपलांची धूळ आपल्या रुमालानं पुसली.