मातीची हंडी, विजेची बैठक

द्वारकाबाईंच्या घरात दोन पक्ष होते. एक त्यांचा स्वतःचा आणि दुसरा पुण्याला राहणाऱ्या मुलाचा, बद्रीनाथचा. दोघांत तह झाला होता तो एका हंडीवर.

हंडी विजेची. खाली तारेची बैठक, तिच्यात बसणारं जाड मातीचं भांडं, वर झाकण. तांदूळ-पाणी घालून बटन दाबलं की भात व्हायचा आणि हंडी आपली आपण गप्प बसायची. दुसरं बटन मंद आचेचं. त्यावर तुरीची डाळ दुपारपर्यंत अशी विरघळायची की शेजारची फहमिदा भिंतीवरून विचारायची, "खाला, आज किसकू बुलाए?"

बद्रीनाथनं ती कौतुकानं दिली नव्हती, अटीवर दिली होती. द्वारकाबाई गॅसवर दूध ठेवून देवळात निघून गेल्या होत्या, आणि तेही एकदा नाही. "गॅसला हात लावायचा नाही. हंडीत शिजेल ते खायचं. नाहीतर पुण्याला चल," असं त्यानं बजावलं होतं. पुण्याला म्हणजे लिफ्टच्या घरात, आणि छावणीच्या बाजारामागचं हे घर भाड्यानं. भाडेकरू त्यानं हेरूनही ठेवला होता. माणूस सज्जन आहे हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं की तो सज्जन माणूस द्वारकाबाईंच्या स्वप्नात यायला लागला.

तरी तह टिकला होता. मग गावाकडून, पिशोरहून, कडूबा दवाखान्यासाठी आला.

कडूबा म्हणजे चुलत दीर. गावाकडच्या हिशेबानं शहरातल्या नातेवाइकाचं घर हा दवाखान्याचाच एक वॉर्ड, फक्त तिथं चहा बरा मिळतो. कडूबाला घास गिळवत नव्हता. द्वारकाबाई त्याला हंडीतला मऊ भात ताकात कालवून भरवायच्या. "वहिनी, तुमच्या यंत्राला चुलीची चव हाय," असं तो एका संध्याकाळी म्हणाला, आणि त्याच आठवड्यात बाहेरच्या खोलीतल्या पलंगावरच वारला. क्रियाकर्म पिशोरला झालं. पण जीव इथं गेला होता म्हणून सुतक इथंही आलं, आणि सुतकाच्या मागोमाग थोरल्या नणंद भागूबाई आल्या.

दहाव्याच्या सकाळी भागूबाईंनी घर धुवायला काढलं. अंथरूण गेलं, पाण्याचा माठ गेला. मयताच्या घरातली मातीची भांडी ठेवत नसतात हे काय द्वारकाबाईंना सांगायला हवं होतं? सासू गेली तेव्हा अख्खी उतरंड त्यांनीच बाहेर काढली होती. माठ फुटला तेव्हा खापरं त्यांनी स्वतः गोळा केली. मग भागूबाईंचा हात ओट्याकडं वळला.

"वन्सं, ते राहू द्या. ते मशिन हाय."

"मशिन मातीचं असतं व्हय?"

"तार हाय की तिला!"

"कडूबालाबी दवाखान्यात तारा लावल्याच व्हत्या. म्हणून तो मशिन झाला का?"

शेवटी भावकीतल्या तात्यासाहेबांना विचारायचं ठरलं. बांधाची भांडणं मिटवता मिटवता दोन्हीकडचा चहा प्यायची त्यांना सवय होती. त्यांनी भांडं हातात घेतलं, टिचकी मारली, आवाज ऐकला.

"तारेचं ते घरात, मातीचं ते बाहेर," ते म्हणाले. "म्हणजे कुणाचंच नुकसान नाय, वहिनी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्धी हंडी म्हणजे काय, हे त्या घरात एकट्या द्वारकाबाईंना कळत होतं.

भिंतीवरून फहमिदा हळूच म्हणाली, "खाला, मेरे पास दे दो. ये लोगां गए की वापस ले लो."

द्वारकाबाईंचे हात पुढं झालेही. पण उद्या पुण्याला नातवाला साधा ताप आला, तरी तो त्या भांड्यापायीच असं वाटेल आणि त्यातला घास आपल्यालाच उतरणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. भागूबाईंना चुकवता आलं असतं. स्वतःला कुठं चुकवणार? त्यांनी भांडं स्वतःच उचलून भागूबाईंच्या हातात दिलं. अंगणात ते माठापेक्षा जड आवाज करून फुटलं.

पाहुणे गेल्यावर फहमिदाचा मुलगा गयास मोबाइलवर शोधत बसला. आतलं भांडं सुटं मिळत नव्हतं. नवी हंडी मागवली, तर ती यायला महिना लागणार होता. बैठकीवर स्टीलचं पातेलं ठेवून पाहिलं, तर तिनं ते ओळखलंच नाही. नुसता लाल दिवा लुकलुकत राहिला. बद्रीनाथला सांगावं, तर तो म्हणणार, तोवर पुण्याला ये. आणि एकदा कुलूप लागलं की तो सज्जन माणूस सामानासकट दारात.

म्हणून द्वारकाबाईंनी गॅस पेटवला, आणि स्वतःला एक नियम घालून घेतला: स्टूल ओढायचं, पातेल्याकडं तोंड करून बसायचं, भात होईपर्यंत उठायचं नाही. काही दिवस नियम पाळला गेला. आपल्याला सगळं ध्यानात राहतं, पोरगं उगाच घाबरतं, अशी त्यांची खात्री होत आली होती.

त्या दिवशी फोन बाहेरच्या खोलीत वाजला. वाजायचा थांबेना. द्वारकाबाईंनी घाईनं गॅसचं बटन फिरवलं आणि गेल्या. कानाला कमी येतं म्हणून फोनचा स्पीकर नेहमी चालूच असायचा.

"किती वेळ वाजतोय, आई! कुठं होतीस?"

"भातापाशी."

"भातापाशी कशाला? हंडीला तर राखण लागत नाही."

द्वारकाबाईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"आई, गॅस लावतेस का तू?"

"बंद करून आलेय ना मी!" त्या चिडून म्हणाल्या. "मला काय कळत नाय व्हय? लहान हाय का मी?"

बोलता बोलता त्यांच्या नाकाला काहीतरी लागलं. तेवढ्यात खिडकीतून फहमिदाचा आवाज आला, चांगला मोठा.

"खाला! ओ द्वारकाखाला! गॅस बंद करो, भात जल रा!"

ते फोनमध्ये बद्रीनाथनंही ऐकलं. मग बोलला तो न रागावता, आणि रागावण्यापेक्षा ते वाईट होतं.

"आई, आधी जाऊन बंद कर. मी फोन धरतो."

स्वयंपाकघरात धूर होता. पातेल्याखाली निळी आच सुखानं जळत होती. त्यांनी बटन फिरवलं. आच गेली. शेजारी रिकाम्या बैठकीचा लाल दिवा लुकलुकत होता.

"आई? झाला का बंद?" बाहेरून आवाज आला.

व्हय म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि म्हणण्याआधी बटनाला पुन्हा एकदा हात लावून पाहिला.